बोयची उडी

हुदाच्या घरी टीव्ही गेम आला तेव्हा राजिवड्यात रंगीत टीव्हीसुद्धा मोजक्याच घरांत होते. साल १९९८. हुदाचे अब्बा, करीम, कुवेतहून रजेवर आले आणि त्यांच्या बॅगेतून आधी खजूर निघाला, मग अत्तर, मग हाजरासाठी, म्हणजे हुदाच्या अम्मीसाठी, मनगटी घड्याळ, आणि सगळ्यांत तळाशी लेकीसाठी एक राखाडी डबा. डब्यात खुपसायच्या कॅसेटवर छापलं होतं की आत हजारो गेम आहेत. प्रत्यक्षात चार निघाले. बाकीचे तेच ते, फक्त पळणाऱ्या माणसाच्या पँटचा रंग बदललेला. पण फुकट मिळालेल्या पँटीला नावं कोण ठेवणार?

शेजारच्या वाडीतली नेत्रा त्या दिवसापासून हुदाच्या घरी मुक्कामालाच आल्यासारखी झाली. नेत्राचा बाप जानू होडीवर जायचा, आई गुणवंती बाजारात मासे विकायची. दोघी पोरी सातवीत, एकाच बाकावर. घरी आल्या की दप्तरं कोपऱ्यात आणि दोघी टीव्हीसमोर. हाजरा चहा घेऊन आली तरी त्यांना पत्ता नसायचा. "डोळे बाहेर येतील एक दिवस, मग बशीत घालून फिरा," असं ती म्हणायची आणि स्वतःही दाराशी उभी राहून बघायची.

हे सुख महिनाभरही टिकलं नाही. रत्नागिरीच्या विजेला तेव्हा स्वतःचा स्वभाव होता; मनात आलं की जायची आणि येताना दुप्पट जोरानं यायची. अशीच एकदा ती आली, डब्यातून जळका वास सुटला आणि गेम बसला तो बसलाच. दोघींनी कॅसेट काढून फुंकर मारली, पुन्हा घातली, पुन्हा फुंकर मारली. फुंकून फुंकून गाल दुखले. अब्बा तोवर कुवेतला परत गेले होते आणि त्या डब्याला हात लावायची कुणा मेकॅनिकची हिंमत झाली नाही.

"रडतेस काय गो," नेत्रा म्हणाली. "आपणच काढूया."

"काय काढूया?"

"गेम. वहीत."

पडद्यावरची माणसं चौकटी-चौकटींची होती हे दोघींनी बघितलं होतं. गणिताची वहीही चौकटींचीच. मग काय हवं? नेत्रा गोष्ट सांगायची आणि हुदा एकेक चौकट रंगवत चित्र उभं करायची. अशी सुरू झाली 'खाडीची पलटण'. आभाळातून उतरणाऱ्या वीरांशी या पोरींची काही ओळख नव्हती. खाडीतून येणाऱ्यांशी होती, आणि त्यांतल्या बहुतेकांना त्यांनी खाल्लंही होतं. त्यामुळे पलटणीत पहिली आली कुर्ली, अशी खेकडी जी एकदा नांगीत धरलं की सोडत नाही. दुसरी मोरी, म्हणजे न्हाणीघरातली नव्हे, समुद्रातली, दातांची, शार्कच्या जातीतली. तिसरी तिसरीच, हा शिंपला मिटला की आत तोफगोळाही जाणार नाही. आणि चौथी, सगळ्यांची म्होरकी, बोय.

घाटावरच्या मंडळींसाठी सांगायला हवं. बोय हा खाडीतला मासा. दिसायला साधा, चंदेरी, मिरवण्यासारखं काही नाही. पण समोर जाळं दिसलं की ही जी पाण्याबाहेर उसळी घेते, ती थेट जाळ्याच्या पलीकडे. आमच्याकडे बोय ती, तो नव्हे. आणि हुदाच्या कॉमिकमधली बोय तर सरळसरळ नेत्राच होती. तसंच नाक, तसेच काटकुळे पाय, तशीच जाड वेणी. शाळेत लांब उडीत नेत्राच्या जवळपास कुणी यायचं नाही, त्यामुळे उडी मारणारी कोण हा प्रश्नच नव्हता. पलटणीचा वैरी होता बर्फासुर. त्याला अख्खी खाडी गोठवून लाद्या करून विकायच्या होत्या. गुणवंतीचं तेव्हा बर्फवाल्याशी वाजलं होतं, त्याचा हा परिणाम.

वर्गात वह्या फिरायला लागल्या. दुसरा अंक तर थेट लांज्यापर्यंत पोचला, कारण गुणवंतीनं रद्दी समजून त्यात सुके बोंबील बांधून दिले. पुढच्या आठवड्यात लांज्याचं ते गिऱ्हाईक पुन्हा आलं आणि बोंबील राहू देत, कुर्ली त्या बर्फातून सुटली का ते सांगा म्हणालं. नेत्रानं त्याला भर बाजारात, पाटीमागं उभं राहून, पुढची गोष्ट सांगितली. हुदाला वाटलं, यापेक्षा मोठं नाव आता आपल्याला काय मिळणार.

मग दहावी झाली. हुदा कॉलेजात गेली, नेत्रा आईबरोबर बंदरावर. तिला कुणी बळजबरी केली नव्हती. बाकावर बसून तिच्या पायांना मुंग्या यायच्या आणि लिलावात मात्र तिचा आवाज सगळ्या गड्यांच्या वर जायचा. भांडण नाही, तंटा नाही, पण कॉमिक आपोआप थांबलं. दोघींची भेट व्हायची ती बाजारात, मधे माशांची पाटी ठेवून. "कशी हायस?" "बरी. तू?" एवढंच. हुदाला ते टोचायचं, पण टोचतंय म्हणून सांगायचं कुणाला?

२००४ मध्ये ईदच्या फोनवर तिच्या थोरल्या चाचांचा मुलगा झैन बोलला. झैन शारजात जन्मला, तिथंच वाढला. गावाला यायचा तो पाहुणा म्हणून. कम्प्युटर शिकत होता आणि कुठल्याशा वेबसाइटच्या स्पर्धेसाठी मुद्दाम जुन्या चालीचा, मोठ्या-मोठ्या चौकटींचा गेम बनवायच्या मागं होता. त्याला पलटण हवी होती. लहानपणी सुट्टीत त्यानं हुदाकडून त्या वह्यांबद्दल ऐकलं होतं. "सबका नाम और पॉवर भेज," तो म्हणाला. "ईमेल कर."

हुदा उडतच एसटी स्टँडजवळच्या हरिश्चंद्रच्या सायबर कॅफेत गेली. चित्रं पाठवावीत म्हणून वह्या घेऊन गेली होती, पण स्कॅनर दुरुस्तीला गेला होता, आणि गेलेला तो स्कॅनर परत आलेला आजवर कुणी पाहिलेला नाही. मराठी अक्षरं तिथं उमटत नव्हती. मग तिनं सगळं इंग्रजी अक्षरांत लिहिलं. के-यू-आर-एल-आय, कुर्ली: पकडते, सोडत नाही. एम-ओ-आर-आय, मोरी. टी-आय-एस-आर-आय, तिसरी. आणि शेवटी, बी-ओ-वाय, बोय: पलटणीची लीडर, कुठलंही जाळं ओलांडते, आजवर सापडलेली नाही. हे सगळं तिच्या कॉलेजच्या इंग्रजीत, ज्यात ती-तो असा भेद कुठं करावाच लागला नाही. लिहिताना तिला काही खटकलं नाही. खटकणार कसं? जिनं आयुष्यभर बोयचं कालवण खाल्लं, ती बी-ओ-वाय बघून बोयच वाचणार.

झैनचं उत्तर आलं. त्यात एकच शंका होती: बी-ओ-वायचं नाव काय?

हुदानं लिहिलं, तेच नाव.

झैननं लिहिलं, कूल.

पुढच्या मे महिन्यात घरात एक लग्न होतं, त्यासाठी झैन आठवडाभर आला आणि येताना सीडी घेऊन आला. गेम झाला होता. परत गेला की लगेच स्पर्धेला पाठवायचा होता. हुदा धावत बाजारात गेली. "आज संध्याकाळी येच," ती नेत्राला म्हणाली. "तू हायस त्यात. टीव्हीसारखी. उड्या मारतेस."

नेत्रानं त्या दिवशी उरलेली मांदेली आईच्या पाटीत ओतली, घरी जाऊन न्हायली आणि लग्नासाठी शिवलेला पिवळा ड्रेस घातला. गुणवंतीही आली, कारण लेक एवढी नटली कशासाठी ते तिला बघायचं होतं. हरिश्चंद्रनं दारातल्या चपला मोजल्या आणि कपाळाला हात लावला. त्याच्या चिंचोळ्या दुकानात एवढी माणसं एकदम कधी शिरली नव्हती.

झैननं बटण दाबलं. टुणटुण संगीत वाजलं, निळी खाडी आली, मग एकेक जण आत आला. कुर्ली झकास होती. मोरी बघून गुणवंतीनं "अगो बाय" म्हटलं. आणि मग पडद्याच्या मधोमध, लाल टोपी घातलेला एक पोरगा आला आणि टुणकन उडाला. त्याच्या खाली ठळक अक्षरं होती, बी-ओ-वाय.

"ह्यो कोण?" गुणवंती म्हणाली.

"बॉय," झैन म्हणाला. "लीडर. मस्त ना?"

सगळा घोळ हुदाला एका क्षणात कळला. सांगितलं मात्र गुणवंतीनं. "अरे बाबा, बोय म्हंजे मासा. काल तुझ्या चाचीनं नेली माझ्याकडून. दोन तुकडे जास्त खाल्लेस म्हणाली."

"वो फिश?" झैनचे डोळे मोठे झाले. "त्या फिशचं नाव बॉय आहे?"

दुकान हसून हसून लोळायचं बाकी राहिलं. हरिश्चंद्र तर काउंटरला धरून हसत होता. हुदालाही हसू येत होतं, पण तिनं नेत्राकडे बघितलं आणि ते आत गेलं. नेत्रा पडद्याकडे बघत होती. पोरगा उडत होता, टोपी सावरत.

"चांगला हाय पोरगा," नेत्रा म्हणाली आणि चपला शोधून निघून गेली.

हुदाला त्या रात्री जेवण गेलं नाही. तिला स्वतःचाच राग येत होता. इतक्या वर्षांनी मैत्रिणीला बोलवलं, नटवलं, आणि दाखवलं काय, तर तिच्या जागी उभा केलेला टोपीवाला. आता हा असाच स्पर्धेला गेला, तर बोय कायमची बुडाली आणि तिच्याबरोबर दोघींमधलं उरलंसुरलंही. सकाळी झैन चहा पीत असताना तिनं त्याला गाठलं.

"पोरगी कर."

"अरे, कशी करू?" झैन खरंच हैराण झाला होता. तो वाईट मुलगा नव्हता. "सोळा चौकटी उंच, सोळा रुंद. त्यात डोकं, हात, पाय. वेणीला जागा नाही."

"टोपीला बरी जागा झाली."

झैननं चहाचा कप खाली ठेवला. शेवटी म्हणाला, "ओके. तू काढ. सोळा बाय सोळा. बघून पोरगी वाटली पाहिजे. वाटली तर मी घालतो."

हुदा गणिताची जुनी वही घेऊन बसली. पहिली बोय काढली, तिच्या खांद्यावर वेणीऐवजी पाल बसल्यासारखी दिसत होती. दुसरीत वेणी मागं वळवली, तर हाजरा वाकून बघत म्हणाली, "हिच्या पाठीला नळ कोणी बसवला?" तिसरी तर चहाच्या किटलीसारखी झाली, कानासकट. फ्रॉक घालून बघितला, तर घंटा. दुपारपर्यंत खोलीभर पालवाल्या, नळवाल्या आणि किटलीवाल्या बोया पसरल्या होत्या आणि झैन दारातून डोकावून एकेकीला नकारार्थी मान हलवत होता. लग्नघरातली पोरं येऊन हसून जात होती. हुदाला रडू आलं. मग तिनं ती सगळी पानं गोळा केली आणि बंदराची वाट धरली.

लिलाव संपला होता. नेत्रा रिकाम्या पाट्या धूत होती. हुदाला बघून तिनं हात पुसले आणि गिऱ्हाइकाला विचारावं तसं विचारलं, "काय देऊ?"

हे मात्र लागलं. "चूक माझी," हुदा म्हणाली. "मी इंग्रजीत लिहिलं. त्याला काय ठाऊक बोय."

"मी कुठं रागावलंय?"

"रागावलीस."

नेत्रानं पाटी उपडी घातली आणि तिच्यावर बसली. "रागावलंय," ती म्हणाली. "त्याच्यावर नाय. मला वाटलं होतं, वहीत का होईना, मी उडतंय. इथं पाटीजवळ बसलं तरी कुठंतरी उडतंय. तर तिथं पण पोरगाच उडायला लागला."

हुदाला एकदम जाणवलं की आपल्याला जे इतकी वर्षं टोचत होतं ते हिलाही टोचत होतं, आणि दोघींनी ते माशांच्या पाटीआड ठेवून दिलं होतं. तिनं पानं पुढं केली. नेत्रानं पहिलं बघितलं, दुसरं बघितलं, किटलीवर आली आणि खो-खो हसत सुटली. हसता हसता डोळ्यांतलं पाणी बाहीनं पुसलं.

"ही मी?"

"वेणीला जागा नाय," हुदा रडवेली होऊन म्हणाली.

नेत्रा पानं उलटीसुलटी करून बघत राहिली. मग म्हणाली, "उभी असताना कशाला दाखवतेस वेणी? उभी असली की ती पाठीमागं असते, कुणाला दिसते? शाळेत उडी मारायचं तेव्हा बघितलं नव्हतंस? वर जाताना गप्प. खाली यायला लागलं की वेणी वर. ताठ. वाळूत पडलं की फाटकन तोंडावर. बाई ओरडायच्या, बांध ती. मी कधी बांधली नाय." तिनं हुदाच्या हातातून पेन्सिल घेतली आणि ओल्या बोटांनी चौकटी मोजत डोक्याच्या वर सरळ काळी रेघ ओढली. "उभी असताना कोण का असेना. उडाली की कळलं पाहिजे."

झैननं ते बघितलं आणि लगेच मान डोलावली. मग कॅफेत जाऊन बसला तो जेवायलाही उठेना. टोपी गेली. डोकं काळं झालं. उडी खाली यायला लागली की डोक्यावर चार चौकटी उभ्या राहायच्या, बस. त्यानं नावाचंही विचारलं. "आता गर्ल लिहू? नाहीतर लोक कन्फ्यूज होतील."

"होऊ देत," नेत्रा म्हणाली. "बोय म्हंजे बोय."

स्पर्धेत गेम कुठंतरी अधेमधे आला, पहिल्या दहात वगैरे नाही. कुठल्या-कुठल्या देशांतल्या लोकांनी झैनला कळवलं की तुमच्या गेममध्ये छपाईची चूक राहिली आहे, मुलीला बॉय म्हटलंय. झैन त्या प्रत्येकाला एका माशाचं वर्णन लिहून पाठवायचा, आणि शेवटी न चुकता, कालवण उत्तम होतं. पण हे सगळं नंतरचं. हुदाला अजून लख्ख आठवते ती झैन निघायच्या आदल्या दिवसाची संध्याकाळ.

नेत्रा बंदरावरून तशीच आली होती, रोजच्या कपड्यांत. हरिश्चंद्रच्या चेहऱ्याकडे बघून तिनं हात लिंबानं चोळून धुतले, तरी त्यानं कीबोर्डवर प्लॅस्टिक घातलंच. ती खुर्चीच्या कडेवर बसली. झैननं तिला उडीचं बटण दाखवलं. तिनं ते लिलावात बोट उठवावं तसं, ठामपणे दाबलं.

बोय उडाली. वर गेली, वर असताना कोणीही होती, आणि खाली यायला लागली तशी तिची वेणी डोक्यावर ताठ उभी राहिली.

गुणवंती पुढं वाकली आणि पदर तोंडाशी धरून म्हणाली, "माझी पोर." हुदानं नेत्राच्या खांद्यावर हात ठेवला. तिला इतका आनंद झाला होता की तो कुठं ठेवावा ते कळत नव्हतं, म्हणून तो तिनं त्या खांद्यावर ठेवला.

नेत्रानं पुन्हा बटण दाबलं. पुन्हा उडी, पुन्हा वेणी. ती पुढं जाईना. एकाच जागी बोय उडत राहिली, निळ्या खाडीच्या काठावर. पडद्याच्या कोपऱ्यातला खेळाचा वेळ सरत चालला होता.

"पुढे जा ना," झैन म्हणाला. "जाळं पुढे आहे, तिथे उडव. इथे का उडवतेस, इथे तर काहीच नाही."

"जाळं नसलं की उडू नये असं हाय काय?" नेत्रा म्हणाली, आणि तिनं पुन्हा बटण दाबलं.